डोक्यात कोणते शब्द जायला हवेत?

मागच्या महिन्यात मी एका मित्राला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. विषय काही खास नव्हता, एका कामाचं काय झालं ते सांगायचं होतं. पाठवल्यावर सहज म्हणून स्वतःच ऐकायला घेतला आणि शेजारी बसलेली माझी लेक एकदम बोटं मोजायला लागली. मेसेज संपला तशी म्हणाली, "बाबा, 19." म्हटलं काय 19? तर म्हणे, "तू 19 वेळा 'म्हणजे' म्हणालास, आणि त्यातल्या एकाही 'म्हणजे'नंतर तू काहीही समजावून सांगितलेलं नाहीस." आता गंमत अशी की याच लेकीला मी दोनच दिवस आधी 'लिटरली'वरून झापलं होतं. ती कोणाला तरी फोनवर सांगत होती की मी लिटरली मेले, आणि मी आतल्या खोलीतून ओरडलो की मग बोलतंय कोण. माझं मलाच फार विनोदी वाटलं होतं. तिला वाटलं नव्हतं, हे आता 19 मोजताना तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. डोक्यात जाणारे शब्द प्रत्येकाकडे असतात. कोणालाही विचारा, लगेच यादी सुरू होते, दुसरा कुठलाही विषय एवढ्या झटकन पेटत नाही. कोणाला 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' सहन होत नाही, कोणाला 'मी काय म्हणतो' (अरे म्हण की मग!), कोणाला 'बाकी काय', 'बोल अजून', कोणाला मोठ्या मेसेजला उत्तर म्हणून आलेलं नुसतं 'हम्म', कोणाला 'हार्दिक हार्दिक शुभेच्छा', एक हार्दिक कमी पडलं म्हणून दुसरं. माझ्या एका मित्राला 'भारी' हा शब्द अजिबात चालत नाही, सूर्यास्त भारी, गाडी भारी, पुस्तक भारी, मयताला आलेली गर्दीपण भारी. हे सगळं ऐकायला मजा येते. पण हा राग नेमका कशावर येतो, कोणावर निघतो आणि कोण त्यातून अलगद सुटतं, हे जरा नीट बघितलं की मजा कमी होते. माझं म्हणणं असं आहे की आपण शब्दांवर चिडतो ते बरोबरच आहे, पण आपण चुकीच्या शब्दांवर चिडतो. जे शब्द कोणाचंही काही बिघडवत नाहीत त्यांच्यावर तुटून पडतो आणि जे खरोखर आपल्याला फसवतात, गप्प करतात, टोलवतात, ते मात्र आपल्या कानांवरून पाण्यासारखे वाहून जातात.

आधी माझ्या त्या 'लिटरली'चंच बघा. मला खात्री होती की हे आजकालच्या पोरांचं खूळ आहे. तसं नाहीये. इंग्रजीत 'लिटरली' (मूळ अर्थ शब्दशः, खरोखर) हा शब्द असा 'अगदीच' या अर्थाने, म्हणजे खोटाखोटा, अठराव्या शतकापासून वापरला जातोय. भाषाशास्त्रज्ञ अरनॉल्ड झ्विकी यांनी 2005 मध्ये या भ्रमाला नावच देऊन टाकलं, रीसन्सी इल्यूजन, म्हणजे आपल्या नजरेला एखादी गोष्ट आत्ता आली की आपल्याला वाटतं ती जन्मलीच आत्ता. (हा 'म्हणजे' कामाचा होता, मोजू नये.) आणि एकदा खटकायला लागलं की मग तोच शब्द सगळीकडे ऐकू यायला लागतो, त्या भ्रमालाही त्यांनीच नाव दिलंय, फ्रीक्वेन्सी इल्यूजन. दोन्ही मिळून एक पक्का म्हातारा तयार होतो. माझा झालाय.

असे म्हातारे जुने आहेत. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाल्या जोनाथन स्विफ्टसारखा लेखक 1710 साली 'टॅटलर' नावाच्या इंग्रजी नियतकालिकात तक्रार करत होता की लोक शब्द तोडून अर्धवट बोलतात, फालतू नवे शब्द वापरतात. त्याच्या रागाचा एक मोठा धनी होता 'मॉब' (जमाव) हा शब्द, जो एका लांबलचक लॅटिन शब्दप्रयोगाचं शेपूट तोडून बनला होता. हा शब्द अडवायला आपण काही वर्षं धडपडलो पण समोरच्यांची संख्याच जास्त पडली, असं त्याने स्वतःच कबूल केलं. आज 'मॉब' म्हटल्यावर कोणाच्या कपाळावर आठी येते? अमेरिकेत लेक सुपीरियर स्टेट युनिव्हर्सिटी 1976 पासून दर नवीन वर्षाला 'हद्दपार शब्दांची' यादी काढते, लोक हौसेने शब्द पाठवतात, बातम्या होतात, आणि हद्दपार झालेले शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळ्यांच्या तोंडात हजर.

'हजर'वरून आठवलं. हा शब्द फारशी-अरबीतून आला. जमीन, नजर, कागद, अर्ज, तारीख हेही तिकडूनच. या शब्दांचाही एकेकाळी लोकांना त्रास झालाच होता, शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. मग विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धी मनावर घेतली, 'महापौर' त्यांनी दिला, 'दिनांक' त्यांनी दिला. ते शब्द चांगलेच रुजले, मी काही त्यांची चेष्टा करत नाहीये. पण बघा काय झालं, दिनांक फॉर्मवर गेला आणि तारीख तोंडात राहिली. लग्नाची तारीख, कोर्टाची तारीख, 'आज तारीख काय'. कोणी कोणाला घालवलं नाही, दोघं आपापल्या जागी बसले. त्यामुळे आज कोणी 'ॲक्च्युअली' म्हटल्यावर मराठी बुडाली असं मला वाटेनासं झालंय. खटकतं, हो खटकतं अजूनही, पण खटकणं आणि बुडणं यात फरक आहे ना.

भरतीच्या शब्दांचं तर मी आता बाजूच घेतो, 19 'म्हणजे'वाल्याने दुसरं करायचं तरी काय. 'म्हणजे', 'काय आहे ना', 'असं झालं की', 'ते हे' (हे 'ते हे' फार मोठं कोठार आहे, घरातली कुठलीही वस्तू त्यात बसते आणि समोरच्याला बरोबर कळतंही) हे शब्द काहीच सांगत नाहीत असं आपण म्हणतो. पण हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजी बोलण्यातल्या 'अ' आणि 'अम' वर काम केलं तेव्हा त्यांनी दाखवलं की ते आवाजसुद्धा काम करतात. 'अ' आला की थांबणं छोटं असतं, 'अम' आला की जरा मोठं. म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कळवतो की थांब, माझं संपलेलं नाही, वाक्य जुळवतोय. आपल्या 'म्हणजे'चं काम मला तरी तेच वाटतं. आणि 'बाकी काय' ची तर मला आता दयाच येते. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली लिहून ठेवलंय की माणसं पुष्कळसं बोलणं माहिती द्यायला करतच नाहीत, नुसतं नातं धरून ठेवायला करतात. फोनवर आईने तिसऱ्यांदा 'बाकी काय' विचारलं तर तिला बाकीचं काही नको असतं, फोन ठेवायचा नसतो एवढंच. हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं आणि त्याआधी मी किती वेळा 'काही नाही गं, झालं सगळं सांगून' असं तोडून टाकलंय ते आठवलं की कसंतरी होतं.

नेत्यांचं 'या ठिकाणी' आणि 'त्या ठिकाणी' पण याच जातीचं. 'मी या ठिकाणी सांगू इच्छितो की त्या ठिकाणी निश्चितपणे या ठिकाणी...' ऐकून हसायला येतं, ठिकाण कुठलंच नसतं, पण समोर माईक आहे, हातात कागद नाही, आणि पुढचं वाक्य अजून आलेलं नाही. आपणपण तेच करू. टीव्हीवरच्या वार्ताहरांचं 'पाहायला मिळतंय' मात्र मला अजून पचत नाही. पावसात उभा राहून बोलणाऱ्या त्या पोरावर माझा राग नाही, त्यालाही श्वास घ्यायला जागा हवी असते. पण 'मिळणं' हे क्रियापद लाभाचं आहे. पगार मिळतो, सुट्टी मिळते. 'इथे अपघातग्रस्त गाडी आपल्याला पाहायला मिळतेय', 'नातेवाईकांचा आक्रोश पाहायला मिळतोय', अरे मिळतंय काय? कोणाला? असो, हा माझा वैयक्तिक फोड आहे.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललंय. आता जरा टोचणारं.

आपल्याकडे शब्दांवरून सगळ्यात जास्त माणसं कशावरून हिणवली जातात? 'पेन भेटला' म्हणाला म्हणून. 'मी आली', 'मी गेली' म्हणाली म्हणून. 'आनी', 'पानी' म्हणाला म्हणून. 'करून राहिला' म्हणाला म्हणून. 'तो मला बोलला' म्हणाली म्हणून, बोलला नाही, म्हणाला! माणूस भेटतो, वस्तू मिळते, हा नियम मला पण शाळेत हातावर पट्टी खाऊन पाठ झालाय. पण हे सगळं कोणाच्या घरात बोललं जातं आणि कोणाच्या घरात नाही, हे एकदा प्रामाणिकपणे बघा. ज्या घरात आजीपासून सगळे 'भेटलं' म्हणतात त्या घरातल्या मुलाने 'भेटलं' म्हणणं ही चूक नाही, ती त्याची भाषा आहे. आपल्या भाषेला कोणी प्रमाण म्हटलं आणि त्याच्या भाषेला बोली म्हटलं, यात ना आपलं कर्तृत्व ना त्याचा दोष. 'ण'च्या जागी 'न' ऐकल्यावर जी आठी येते ती व्याकरणाची नसते, ती समोरचा कुठला, कोणाचा, किती शिकलेला याचा अंदाज बांधून झाल्याची आठी असते. व्याकरण हे नुसतं वरचं पांघरूण.

हे मी कुठल्या तरी उंच जागेवर बसून लिहीत नाहीये. मी हे स्वतः केलंय आणि तेही फार वाईट वेळेला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा ज्या ऑफिसमध्ये होतो तिथे एक दिवस सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. साहेब उभे राहिले. पहिलं वाक्य होतं, 'आपण सगळे एक फॅमिली आहोत.' ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना माहितीच आहे की हे वाक्य आलं की खुर्ची घट्ट धरायची. मग आलं 'कठीण निर्णय घ्यावे लागतात'. मग 'काही पदांचं पुनर्नियोजन करण्यात येणार आहे'. मग 'हे कोणी पर्सनली घेऊ नये'. पंधरा मिनिटं बोलले. किती जण जाणार, कोण ठरवणार, कधी, यातलं एक अक्षर नाही. आम्ही सगळे माना हलवत होतो. माना का हलवत होतो मला आजही माहीत नाही. एवढ्यात मागून एक मुलगी उठली, नवीनच लागली होती, सहा-आठ महिने झाले असतील, आणि तिने सरळ विचारलं, "सर, पण मग लेटर कधी भेटणार? आणि नोटीस किती दिवसांची भेटणार?"

आणि मी, पुढच्या रांगेत बसलेला मी, मागे वळून म्हणालो, "मिळणार. भेटायला ते काय पाहुणे आहेत?"

खोली फुटली. एवढ्या ताणात कोणालाही हसायला निमित्त हवंच होतं. साहेबपण हसले, मनापासून हसले, आणि हसता हसता "चला, वातावरण जरा हलकं झालं" असं म्हणून मीटिंग संपवली. ती मुलगी खाली बसली. लेटर कधी मिळणार, नोटीस किती दिवसांची, हे दोन प्रश्न, त्या अख्ख्या खोलीत विचारले गेलेले फक्त दोन खरे प्रश्न, तिथेच राहिले. पंधरा मिनिटं एक माणूस आम्हाला शब्दांनी गुंडाळत होता तेव्हा माझ्या कानाला काहीच खटकलं नाही, आणि एका मुलीने सगळ्यांच्या वतीने तोंड उघडलं तर माझ्या कानाला 'भेटणार' खटकलं. मी साहेबांना त्या दिवशी वाचवलं. त्यांनी सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर मी त्या साहेबांची वाक्यं घरी बसून पुन्हा आठवून बघितली. बघा ना, मराठीत आपण रोज 'त्याने पत्र लिहिलं' म्हणतो, त्यात 'त्याने' कुठे जात नाही, ठळक उभा असतो. पण 'पत्र लिहिण्यात आलं' म्हटलं की लिहिणारा गायब. 'करण्यात येईल', 'घेण्यात आला', 'कळवण्यात येईल', 'चौकशी करण्यात येत आहे'. ही रचना एवढी सोयीची आहे की ती वापरणाऱ्याला विचारसुद्धा करावा लागत नाही, जीभ आपोआप तिकडे वळते. कोण करणार? येईल. कुठून येईल? कधी येईल? ते येईल तेव्हा येईल. आणि याचा कोणाला राग येत नाही! उलट असं बोलणारा माणूस आपल्याला जबाबदार वाटतो, शुद्ध बोलतो, 'भेटलं' म्हणत नाही ना तो.

कोणी म्हणेल कर्ता माहीतच नसेल तर काय करायचं, रात्री कोणीतरी कुलूप फोडलं तर 'कुलूप फोडण्यात आलं' हेच म्हणणार ना. मान्य. कर्ता माहीत नसेल तर हरकत नाही. पण बोलणाराच कर्ता असेल आणि तोच म्हणत असेल की 'करण्यात आलं', तर मग ते व्याकरण नाही, तो मागचा दरवाजा आहे.

याच्याच शेजारी बसतं ते 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो'. या वाक्याची कारागिरी बघण्यासारखी आहे. 'असतील तर'. म्हणजे दुखावल्या की नाही हेच अजून ठरायचंय, दुखावल्या असल्या तर तो तुमचा भावनांचा प्रॉब्लेम, मी काय बोललो ते यात कुठेच नाही, आणि एवढं करून माफी तर मागून झाली. दिलगीर हा फारशी शब्द, दिल आणि गीर, मनाला धरून बसणारं काहीतरी, मन जड झालेला माणूस म्हणजे दिलगीर. किती चांगला शब्द होता. आता तो पत्रकावर शेवटच्या ओळीत येतो, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', आणि कोणाचंही मन कुठेही जड झालेलं नसतं. 'चूक झाली' आणि 'मी चुकलो' यात एकाच अक्षराचं अंतर आहे म्हणा ना, 'मी'. ते एक अक्षर तोंडातून बाहेर पडायला माणसाला वर्षं लागतात.

हेल्पलाइनवरचं 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे तर सगळ्यांचंच आहे, मी नवीन काय सांगणार. एकदा मी फोन स्पीकरवर टाकून कपड्यांच्या घड्या घातल्या, सगळ्या घड्या झाल्या, कपाटात गेल्या, तरी मी महत्त्वाचाच होतो. यात चिडण्यासारखं हे की वाक्य नम्र आहे. उद्धट माणसाशी भांडता येतं. नम्र रेकॉर्डिंगशी काय भांडणार? या सगळ्या शब्दांचं हेच कौशल्य आहे, ते इतके गुळगुळीत असतात की राग धरायला कुठे खाचच मिळत नाही. 'जेंटल रिमाइंडर'मध्ये जेंटल काय असतं सांगा बरं, पण ते जेंटल आहे असं आधीच लिहून टाकलं की मग तुम्ही चिडलात तर तुम्हीच आडदांड.

आणि घरातले विसरायला नकोत. 'शांत हो.' जगात आजवर या दोन शब्दांनी कोणी शांत झालेलं असेल असं मला वाटत नाही. 'एवढं काय त्यात.' 'राग मानू नकोस पण...' हे म्हटलं की पुढे जे येणार ते राग येण्यासारखंच असतं, नाहीतर पावती आधी फाडायची गरज काय. 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.' 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' यातला एकही शब्द अशुद्ध नाही, उच्चार चोख, व्याकरण निर्दोष, आणि प्रत्येक वाक्य समोरच्याच्या तोंडावर हात ठेवतं. एखाद्या बाईने नवऱ्याला काहीतरी मनातलं सांगितलं आणि तो म्हणाला 'ओव्हररिॲक्ट नको करूस', तर इथे भांडण इंग्रजी शब्दावरून व्हायला हवं का? तो 'अतिरेक करू नकोस' म्हणाला असता तर जास्त बरं झालं असतं का?

लोकांना मनातून हे कळत असावं. अमेरिकेत मारिस्ट पोल नावाची संस्था लोकांना विचारायची की बोलण्यातला सगळ्यात वैताग आणणारा शब्द कोणता, आणि 2009 मध्ये जवळपास निम्म्या लोकांनी एकच शब्द सांगितला, 'व्हॉटेव्हर'. पुढेही वर्षानुवर्षं तोच पहिला येत राहिला. आता 'व्हॉटेव्हर' काही अशुद्ध नाही, नवीन नाही, गावंढळ नाही. मग तो एवढा का बोचतो? कारण तो दार आपटतो. तू जे काही बोललास त्याला माझ्या लेखी किंमत नाही, एवढंच तो सांगतो. आपलं 'बरं बरं', 'हो का', 'काहीही हं' एका विशिष्ट सुरात म्हटलं की तेच काम करतं. 2016 मध्ये 'मॉइस्ट' (ओलसर) या इंग्रजी शब्दाच्या किळसेवर एक अभ्यास आला होता. 10 ते 20 टक्के लोकांना तो शब्द सहनच होत नाही असं त्यात दिसलं. ते लोक स्वतः सांगायचे की आम्हाला त्याचा आवाजच नको वाटतो, पण प्रयोगात दिसलं की कारण आवाजापेक्षा अर्थाशी, त्या शब्दाने मनात जे काही येतं त्याच्याशी जास्त जोडलेलं आहे. आपल्याला वाटतं की आपण शब्दाच्या रूपावर चिडलोय आणि चिडलेलो असतो आपण भलत्याच गोष्टीवर. मग ती भलती गोष्ट काय, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. 'भेटलं' ऐकून चिडलो तर नेमका कशावर चिडलो? आणि 'करण्यात येईल' ऐकून का नाही चिडलो?

यावर मला हमखास ऐकवलं जातं की म्हणजे आता शुद्धलेखन नको, नियम नको, कोणी कसंही बोला, होऊ दे भाषेचं वाटोळं. तसं मी म्हणतच नाहीये. लिहिताना एक सामाईक वळण हवं, पाठ्यपुस्तकात हवं, कायद्यात तर हवंच, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळायचं नाही. मुलांना प्रमाण मराठी शिकवावी आणि नीट शिकवावी, कारण ती आली नाही तर दारं बंद करणारे आपल्यासारखेच लोक बाहेर बसलेत. पण शिकवणं वेगळं आणि भर खोलीत टोकणं वेगळं. शिकवताना समोरच्याचं काहीतरी वाढतं. टोकताना टोकणाऱ्याचं वाढतं. आणि ज्याला भाषेची एवढी काळजी आहे त्याने सुरुवात वरून करावी ना, जो मोठ्या खुर्चीत बसून पंधरा मिनिटं कर्त्याशिवाय बोलतोय त्याला टोकावं. तिथे आपली जीभ टाळ्याला चिकटते. शुद्धतेचा आग्रह आपण नेहमी आपल्यापेक्षा खाली बसलेल्यावर करतो, हे माझ्यापुरतं तरी शंभर टक्के खरं निघालंय.

मला 'लिटरली' अजूनही आवडत नाही. लेकीला सांगतो, ती हसते, परवा तर मुद्दाम एका वाक्यात तीन वेळा म्हणाली. हा आमचा खेळ झालाय आता, तिने माझे 'म्हणजे' मोजायचे आणि मी तिचे 'लिटरली'. यात कोणी गप्प होत नाही. एवढा फरक मला पुरतो.

त्या मीटिंगचं राहिलं. आठवडाभर ती मुलगी माझ्याशी बोलली नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मीटिंगमध्येही बोलली नाही, जे काही विचारायचं ते इंग्रजीत दोन-तीन शब्दांत विचारायला लागली. मी एकदा जिन्यात गाठून सॉरी म्हणालो. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे तोंडात आलं होतं, गिळलं. ती म्हणाली, "ठीक आहे सर, पण ते प्रश्न तुम्ही विचारा आता, तुमची मराठी चांगली आहे." यात टोमणा किती आणि खरं किती ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी घरी येऊन तिचे दोन्ही प्रश्न मेलवर लिहिले आणि साहेबांना पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आपल्या मुद्द्यांची नोंद घेण्यात आली असून योग्य वेळी योग्य ती माहिती कळवण्यात येईल.' त्यावर मी परत एक ओळ पाठवली: कोण कळवणार?

मी नंतर ते ऑफिस सोडलं. त्या मेलचं उत्तर काही मला भेटलं नाही.